पॅरासिटामॉल आणि खोटी गोळी सारखीच? आईच्या गुडघ्यांसाठी विचारतोय

मिरजकर:
मंडळी, आई 68 वर्षांची, दोन्ही गुडघे चार-पाच वर्षं दुखतायत आणि त्यात पंधरवड्यापूर्वी बादली उचलताना कंबरेत उसण भरली. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं, दिवसातून तीनदा. तर मामेभावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं की ऑस्ट्रेलियात संशोधन झालंय, पॅरासिटामॉल आणि खोटी गोळी सारखीच निघाली. झालं, आईने गोळ्या बंद केल्या आणि शेजारच्या काकूंकडून त्यांची 'पावरफुल' गोळी मागून आणली. ती कुठली तेही कळेना, कारण स्ट्रिप कात्रीने कापलेली, नावातलं फक्त '...डॉल' उरलंय आणि एक्सपायरीचा तुकडा काकूंच्या डब्यात. पण काकूंना खरंच फरक पडतो हो, देवळाच्या पायऱ्या चढतात. संशोधन खरंय का? आणि काकूंना चालतं ते आईला का नाही चालणार?

खलबत्ता:
खरंय, 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. मी पुण्यात औषधांच्या चाचण्यांचा (ट्रायल) कोऑर्डिनेटर म्हणून काम करतो म्हणून सांगतो, भावाने मथळा वाचला आणि पेशंट कोण होते ते सोडलं. 1652 माणसं, सगळ्यांची कंबरदुखी ताजी, सरासरी वय 45 च्या आसपास. एका गटाला रोज ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, दुसऱ्याला दुखेल तेव्हा, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे ती खोटी गोळी. प्रत्येक गटातले निम्मे लोक बरे व्हायला किती दिवस लागले? 17, 17 आणि 16. हो, प्लासिबोवाले एक दिवस आधीच 😄 पण तीन महिन्यांनी तिन्ही गटांतले 83-85 टक्के लोक बरे होते, म्हणजे उसण आपली आपण सुटत होती आणि गोळीला करायला फारसं काही उरलंच नव्हतं. शिवाय सगळ्यांनाच नीट सल्ला दिला होता, की घाबरू नका, झोपून राहू नका, हिंडते-फिरते राहा. आईच्या कंबरेला हा निकाल बऱ्यापैकी लागू पडतो. गुडघ्यांचा त्यात अभ्यासच नव्हता.

औषधवाली_ताई:
ते आकडे नंतर बघा, आधी ती कापलेली स्ट्रिप आईच्या हातातून काढा! 14 वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी आहे, '...डॉल' म्हटलं की निम्म्या वेळा साधं पॅरासिटामॉल निघतं आणि निम्म्या वेळा ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉल अफूच्या जातकुळीतलं आहे, 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. या वयात चक्कर, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि रात्री बाथरूमला जाताना पडल्या तर गुडघा राहिला बाजूला, खुब्याचं ऑपरेशन. काकूंचं वय, किडनी, त्यांच्या बाकीच्या गोळ्या, तुम्हाला काय माहीत? आईला बीपी आहे का ते सांगा.

मिरजकर:
आहे. आत्ता पाकीट बघितलं, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी आहे.

औषधवाली_ताई:
हेच विचारत होते. त्यातली दुसरी लघवी वाढवणारी. या जोडीवर कोणी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालू केल्या तर तिन्ही मिळून किडनीला घाईला आणतात, त्यात उन्हाळा आणि पाणी कमी पिणं आलं की संपलंच. आमच्याकडे रोज कोणीतरी येतं, 'ताई, दुखण्याची एक द्या'. मी आधी बीपीची विचारते तर लोकांना राग येतो.

उपटसुंभ:
म्हणजे म्हाताऱ्या माणसाने नुसतं दुखणं काढायचं का?? माझा हात मोडला तेव्हा कॅज्युअल्टीत जे इंजेक्शन दिलं त्याने दहा मिनिटांत स्वर्ग दिसला. चांगलं औषध असूनही देत नाहीत, मला तर हा कंजूषपणाच वाटतो.

खलबत्ता:
इंजेक्शनचं सोडा, गोळ्यांचं सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हातापायाला लागून इमर्जन्सीत आलेल्या 416 लोकांवर हेच करून बघितलं, 2017 ला छापून आलं. एका गटाला आयब्युप्रोफेन (म्हणजे ब्रुफेन) 400 मिलीग्रॅम अधिक पॅरासिटामॉल 1000 मिलीग्रॅम, बाकी तीन गटांना अफूवर्गातल्या औषधांच्या गोळ्या. दोन तासांनी दुखणं कोणाचं किती उतरलं यात म्हणण्यासारखा फरक नाही. पण त्यात माणसं घेतलेली 21 ते 64 वयाची, म्हणजे मिरजकरांच्या आई दारातच अडल्या असत्या.

गुडघ्यांच्या जवळ जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा, 2018 चा. जुनी कंबरदुखी किंवा गुडघा-खुब्याची झीज असलेले 240 जण, वर्षभर. अफूवाल्यांचं दुखणं शेवटी दहापैकी 4, साध्या गोळ्यावाल्यांचं 3.5. रोजच्या हालचालीत फरक नाही. पण हे सगळे माजी सैनिकांच्या दवाखान्यातले, बायका फक्त 13 टक्के. मग 68 वर्षांच्या बाईला हा आकडा जसाच्या तसा लावायचा का? मी लावणार नाही, पण काकूंच्या पायऱ्यांपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवेन.

औषधवाली_ताई:
गुडघ्यासाठी डॉक्टरांना जेलबद्दल विचारा. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस संस्थेने 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेला आधी वरून लावायचं औषधच सुचवलंय, रक्तात कमी जातं म्हणून. आणि हो, तिथे त्यांनी पॅरासिटामॉलही नेहमीसाठी नको म्हटलंय, म्हणजे मामेभाऊ गुडघ्याच्या बाबतीत चुकून बरोबर निघाला 🙈 व्यायाम मात्र सोडायचा नाही, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा तो तरी.

मिरजकर:
अपडेट. काकूंकडे जाऊन उरलेला तुकडा जुळवला, ट्रॅमाडॉलच निघालं, आणि ते त्यांचंही नाही, जावयाच्या ऑपरेशननंतर उरलेलं! डॉक्टरांनी जेल लिहून दिलंय आणि किडनीची रक्ततपासणी सांगितलीय. कंबर आता बरीच सुटलीय, आणि त्याचं श्रेय आई काकूंच्या त्या एका गोळीला देतेय. तारखा मांडून दाखवल्या, अठरावा दिवस आहे म्हटलं, तर म्हणते तुला काय कळतंय.