जर्मन पतीसोबत नेदरलँड्सला स्थलांतर

प्रश्न: मी भारतीय आहे, पती जर्मन आहेत. आमचा विवाह बर्लिनमध्ये झाला. आता त्यांना उट्रेख्तला नोकरी मिळाली आहे. मला डच भाषेची परीक्षा द्यावी लागेल का?

उत्तर १: नाही. आपले पती स्वतःच्या देशाबाहेरील सदस्य राष्ट्रात नोकरीसाठी जात असल्याने आपल्याला युरोपीय संघाचा २००४ चा मुक्त संचाराचा निर्देश लागू होतो. ३ महिन्यांहून अधिक राहण्यासाठी निवासपत्राचा अर्ज करावा. ते ६ महिन्यांच्या आत देणे बंधनकारक आहे.

उत्तर २: विवाहाचा दाखला बहुभाषिक नमुन्यासह बर्लिनमधूनच घ्यावा, त्यावर अपोस्टिल (परदेशात दाखला खरा मानला जावा म्हणूनचे अधिकृत प्रमाणीकरण) लागत नाही.

उत्तर ३: नेदरलँड्समधील वास्तव्याची कागदपत्रे अवश्य जपून ठेवा. युरोपीय न्यायालयाच्या १९९२ च्या सुरिंदर सिंग निकालाने, जर्मनीत काम करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश पत्नीच्या भारतीय पतीलाही युरोपीय कायद्याचे संरक्षण दिले. पुढे जर्मनीत परतताना आपल्यालाही तोच आधार घेता येईल.