मंडईच्या सुट्टीत भाचरांसोबत ‘वोंका’ पाहायचा आहे, सल्ला हवा

धानबांधी
नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावी राहतो. भाऊबिजेनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, बहिणी माहेरी येतात आणि घरात सात ते तेरा वर्षांची सहा भाचरे जमतात. मंडईची रात्र नाटकाची, ती ठरलेलीच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र सर्वांना एकत्र बसवून 2023 चा ‘वोंका’ दाखवावा असे मनात आहे. मी तो नागपूरला पाहिला होता आणि परतीच्या बसमध्ये पवनीपर्यंत त्यातली एक चाल गुणगुणत आलो होतो.

अडचणी दोन आहेत. हा चित्रपट 1971 च्या ‘विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी’ची पूर्वकथा आहे आणि मुलांनी तो जुना चित्रपट पाहिलेला नाही, मग आधी कोणता दाखवावा? दुसरे म्हणजे, माझ्याकडे तो इंग्रजीतच आहे, त्यात गाणी बरीच आहेत आणि धाकट्या दोघांना इंग्रजी कळत नाही. आमचे बाबाही सोबत बसतील, त्यांचे वय 74 आहे. कृपया शेवट कोणी सांगू नये, कारण हा धागा थोरली भाची वाचणार आहे.

वैनगंगाकाठ
आधी ‘वोंका’च दाखवा, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या चित्रपटात वोंका पडद्यावर येईपर्यंत बराच वेळ जातो आणि तोवर लहान मुले चुळबुळ करू लागतात. नव्या चित्रपटात तो पहिल्याच दृश्यात जहाजाच्या डोलकाठीवर गात उभा असतो, शहरात उतरतो आणि त्याच एका गाण्यात त्याच्या खिशातली बारा नाणी कशी संपतात ते दिसते. शब्द कळले नाहीत तरी खिसा रिकामा होतो आहे हे सात वर्षांच्या मुलालाही कळते.

गाण्यांची काळजी आपण करू नये. बाहेरच्या प्रेक्षकाला ‘पात्रे मध्येच का गाऊ लागतात’ असा प्रश्न पडत असेल, पण आपल्या मुलांना पडणार नाही, कारण ती झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या आपल्या या भागात, वाढली आहेत. धान निघाल्यावर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी येतात, खलनायक पेटी-तबल्यावर आपला डाव गाऊन सांगतो, मग नायिका रडता रडता गाते, आणि पहाटेपर्यंत कोणी जागचे उठत नाही. ‘वोंका’ त्याच डोळ्यांनी पाहावा. त्यातले तीन चॉकलेट व्यापारी एकमेकांशी संगनमत करून नव्या माणसाला बाजारात पाय रोवू देत नाहीत आणि पोलीस प्रमुखाला चॉकलेटच्या पेट्या देऊन आपल्या बाजूला वळवतात, तेही गात गात. माझ्या वडिलांना मी एवढेच सांगितले होते की, हे तिघे भाव पाडणारे व्यापारी आहेत. त्यानंतर त्यांना काहीच समजावावे लागले नाही. उलट तेच नातवाला समजावून सांगू लागले.

यात मला सर्वांत जवळचे वाटले ते धुलाईघराचे प्रकरण. वोंकाला वाचता येत नाही. एका रात्रीच्या मुक्कामासाठी तो कागदावर सही करतो आणि सकाळी त्याला कळते की जिना चढण्या-उतरण्याचेसुद्धा पैसे लावले आहेत. ते फेडण्यासाठी तो तळघरातल्या धुलाईघरात अडकतो. नूडल नावाची अनाथ मुलगी त्याला कागद वाचून घे असे सुचवत असते, पण त्याला ते जमणार कसे? माझ्या आजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि दोन एकर धानाची बांधी त्यात गेली, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. म्हणून नूडल वोंकाला अक्षरे शिकवू लागते तेव्हा आमच्या घरात कोणी काही बोलले नाही, आई फक्त टीव्हीजवळ सरकून बसली. ते दृश्य घाईने पुढे ढकलू नका.

एक गोष्ट मात्र खटकली, तीही सांगतो. चॉकलेटची लाच खाऊन पोलीस प्रमुख फुगत जातो आणि त्याच्या जाडीवर वारंवार विनोद केला आहे. भाचरांत कोणी अंगाने भरलेले असेल तर आधीच विचार करून ठेवावा. इतका सुंदर चित्रपट त्या विनोदांवाचून अडला नसता.

जुनी रीळ
वरील क्रमाशी मी सहमत आहे, पण जुना चित्रपट दुसऱ्याच दिवशी दाखवू नये. त्यात नाव बोगद्यातून जाते ते दृश्य खरोखर भीतिदायक आहे. शिवाय एकेक मूल आपल्या हावरेपणामुळे किंवा हट्टामुळे कारखान्यात गायब होत जाते, ते सात वर्षांच्या मुलाला झोपेच्या वेळी आठवेल. नऊ-दहा वर्षांवरच्यांना अवश्य दाखवा. त्यातला वोंका, जीन वाइल्डर, प्रथम दारातून बाहेर येतो तेव्हा काठी टेकत लंगडत चालतो, काठी दगडांत रुतते, तो तोल जाऊन पुढे कलंडतो आणि कोलांटी घेऊन ताठ उभा राहतो. भूमिका स्वीकारताना ही कल्पना त्यानेच सुचवली होती. त्या क्षणापासून या माणसावर किती विश्वास ठेवावा हे कोणालाच कळू नये, असा त्याचा हेतू होता. टिमोथी शालामेचा तरुण वोंका आधी पाहिलेला असला की प्रश्न पडतो, एवढा भाबडा मुलगा पुढे असा कसा झाला? पूर्वकथा त्याचे उत्तर देत नाही. दिग्दर्शक पॉल किंगने, ज्याने ‘पॅडिंग्टन’चे पहिले दोन चित्रपट केले, त्याचा चांगुलपणा शाबूत ठेवला आहे आणि मला ते योग्य वाटते.

दोन्ही चित्रपटांना जोडणारा धागा संगीताचा आहे. ‘वोंका’ची नवी गाणी नील हॅननची आहेत, पण ‘प्युअर इमॅजिनेशन’ आणि ऊंपा लूंपा या वोंकाच्या बुटक्या कामगारांची चाल या दोन्ही 1971 च्या, लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली यांच्या. नारिंगी चेहऱ्याचा, हिरव्या केसांचा ऊंपा लूंपाही तिथलाच. ‘वोंका’त ऊंपा लूंपा झालेला ह्यू ग्रँट बरणीत कोंडलेला असताना ती चाल ऐटीत गातो. 2005 चा जॉनी डेपचा चित्रपट मात्र या दोघांत मिसळू नका. त्यात वोंकाचे वडील कडक दंतवैद्य आहेत आणि इथे तो नावेवर आईजवळ वाढलेला आहे, त्यामुळे मुले गोंधळतील. तिन्हींचे मूळ असलेले रोआल्ड डालचे पुस्तक 1964 चे आहे. थोरल्या भाचीला ते वाचायला देता येईल.

धानबांधी
आपणा दोघांचे मनापासून आभार. क्रम ठरला. आता भाषेचे काय करावे?

खडू-फळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि हे माझ्या घरी करून पाहिले आहे. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. प्रत्येक गाण्यापूर्वी क्षणभर थांबवून दोन वाक्यांत, आपल्या झाडीबोलीत, पुढे काय होणार ते सांगा आणि मग गाणे मध्ये न तोडता पूर्ण वाजू द्या. गाणे सुरू असताना भाषांतर केले तर मुले तुमच्या तोंडाकडे पाहतात आणि चॉकलेट खाऊन माणसे हवेत तरंगू लागतात ते दृश्य निसटते.

आणखी एक सुचवते. वोंकाजवळ आईने केलेली चॉकलेटची एक वडी असते आणि ती तो जपून ठेवतो. मी सर्वांना आधीच एकेक छोटे चॉकलेट दिले होते. माझ्या धाकटीने तिचे अर्धेच खाल्ले, चंदेरी कागद गुडघ्यावर ठेवून नखाने सुरकुत्या काढत सपाट केला, उरलेला तुकडा त्यात पुन्हा गुंडाळला आणि चित्रपट संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला. तुकडा विरघळला होता, तरी तिने तो आजीला नेऊन दिला. तुम्ही सहा नव्हे, सात चॉकलेटे आणा. बाबांनाही एक द्या.