'मश्क'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : विद्यापीठात डिझाइन शिकणाऱ्यांसाठी अरबी सुलेखनाची मराठी टिपणं करायची आहेत. 'मश्क'साठी 'कित्ता गिरवणे' चालेल का? आणि 'कत'ला काय म्हणू?

उत्तर : 'कित्ता' एक वेळ चालेल, 'गिरवणे' अजिबात नको. गिरवताना हात तयार रेघेवरून फिरतो. मश्कमध्ये उस्ताद ओळ लिहून देतो, विद्यार्थी ती बघून खाली लिहितो आणि उस्ताद लाल शाईनं दुरुस्ती करतो. बोरूची रेघ एका ओढीत उतरते. गिरवून आकार साधेल, पण टोकाचा कोन हातात बसत नाही.

आणखी एक : 'कित्ता'सुद्धा जपून वापरा. मूळ अरबी 'कितआ' म्हणजे तुकडा. पण इस्तंबूलच्या परंपरेत तो पूर्ण झालेल्या पानाला म्हणतात. वर सुलुस या लेखनशैलीतली मोठी ओळ, खाली नस्ख शैलीतल्या बारीक ओळी. त्यापेक्षा 'मश्क'च ठेवा. अक्षरांवर अक्षरं लिहीत पान काळं करतात, ती 'सियाह मश्क'.

'कत'बद्दल : बोरूच्या टोकाचा तिरका छाट. 'छाट' लिहा, पुरे. बोरू हाडाच्या पट्टीवर ठेवून एका दाबात तोडायचा. सुरी मागेपुढे फिरवली की तंतू सुटतात आणि रेघेची कड फाटकी येते. त्या पट्टीला तुर्कीत 'मक्ता' म्हणतात. तो शब्द टिपणांत नको, मराठी वाचक कंत्राट शोधत बसेल!

'नुक्ता' मात्र समजावून सांगावा लागेल. इथे तो अक्षराखालचा नुसता ठिपका नाही, माप आहे. टोकाच्या रुंदीएवढी बाजू असलेला, कोपऱ्यावर उभा चौकोन. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला यानं अक्षरांची प्रमाणं बांधली, त्या पद्धतीचा पाया हाच. सुलुसचा अलिफ, म्हणजे उभ्या रेघेचं पहिलं अरबी अक्षर, ७ नुक्त्यांचा धरतात. ३ मिमी टोकाचा नुक्ता उभ्या कर्णात सुमारे सव्वाचार मिमी भरतो, म्हणजे अलिफ ३ सेंटिमीटरच्या आसपास. विद्यार्थी नुक्ता लांब ओढतात, मग मापच चुकतं आणि अलिफ उंच का झाला ते कळत नाही. आधी नुक्ता तपासा.

प्रश्नकर्ता : आणि 'लीका'? दौतीतला बोळा म्हणू? कापसाचा चालेल?

उत्तर : बोळा म्हणा, पण कच्च्या रेशमाचा. कापसाचे आखूड तंतू बोरूच्या चिरेत अडकतात. बोळा नसला तर टोक दौतीच्या तळाला आपटून बोथट होतं आणि शाईही जास्त उचलली जाते, पहिल्याच अक्षरावर डाग. रेशीम धुऊन, सैल पिंजून घाला आणि ते भिजेल एवढीच शाई ओता.