रक्त पिणारे सगळे एका गटात कसे?

काहींचं असं मत आहे की ढेकूण, पिसू, ऊ, डास आणि गोचीड यांचा मिळून 'रक्तशोषक' असा एकच गट करावा. मला हे अजिबात पटत नाही. रक्त पिण्याची सवय कीटकांमध्ये अनेकदा, स्वतंत्रपणे आली आहे, त्यामुळे तिच्यावरून नातं ठरत नाही. ढेकणाचे जवळचे भाऊबंद म्हणजे पिकावरचे मावा आणि तुडतुडे! तीच टोचून शोषणारी सोंड, फक्त रसाऐवजी रक्त.

पिसू तर आणखी वेगळी. तिची अळी बिनपायांची, रक्त न शोषणारी. प्रौढ पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खाऊन वाढते, मग कोष करते. उवेला अळी नाही की कोष नाही, लिखेतून थेट छोटी ऊच बाहेर येते. सजीवांचं वर्गीकरण मांडणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने 1758 मध्ये ढेकूण, ऊ आणि पिसू यांना निरनिराळ्या प्रजातींत (सायमेक्स, पेडिक्युलस, प्युलेक्स) ठेवलं, ते आजही टिकून आहे.

गोचीड मात्र यादीतून काढाच. तो कोळ्यांच्या वर्गातला, आठ पायांचा. पाय मोजताना एवढं लक्षात ठेवा की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडाला सहाच पाय असतात.