जर्मनी: ब्लू कार्डवरून कायम निवास, २१ महिने की २७?

मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) आहे, दोन वर्षं होत आली. मध्ये नोकरी बदलली. जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी झालीय. कायम निवासासाठी २१ महिन्यांत अर्ज करता येतो म्हणतात, पण नोकरी बदलल्यावर महिने पुन्हा शून्यापासून मोजतात का? शिवाय आईची तब्येत बरी नसते, वर्षभर तिच्याजवळ राहायची वेळ आली तर हातचं जाईल, ही खरी धास्ती आहे.

उत्तर १:
नाही, शून्यापासून नाही. दोन्ही नोकऱ्या ब्लू कार्डच्या निकषांत बसत असतील तर महिने जोडले जातात. बी१ असेल तर २१, नुसतं ए१ (अगदी प्राथमिक पातळी) असेल तर २७. पेन्शन विम्याकडून वर्गणीचा उतारा, 'फेरझिशरुंग्सफेरलाउफ', आजच मागवा, फुकट मिळतो; वर्गणी भरलेले महिने त्यातच दिसतात. त्यात एखादा महिना गाळलेला दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या. 'लेबेन इन डॉइचलांड' या जर्मनीतल्या कायदा-समाजाच्या माहितीवरच्या परीक्षेची तारीखही लवकर धरा.

उत्तर २:
आईबद्दल वाचून राहवलं नाही. कायम परवानगी सहा महिने बाहेर राहिल्यावर रद्द होते, पण ब्लू कार्डवर असेपर्यंत कार्डधारकाला आणि त्याच्या कुटुंबाला ती मुदत १२ महिने आहे. त्याहून जास्त लागणार असेल, तर निघण्यापूर्वीच परदेशी नागरिक कार्यालयात लेखी अर्ज करून मुदत वाढवून मागा, गेल्यावर नाही. पाच वर्षं झाली की युरोपीय संघाची दीर्घ निवास परवानगीही बघा, ब्लू कार्डवाल्यांना तिच्यात संघाबाहेर २४ महिने राहता येतं.

मूळ प्रश्नकर्ती:
उतारा आत्ताच मागवला. १२ महिन्यांचं आईला फोनवर सांगते.