इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनचा एसी पाइप बदलायचा आहे: कंपनीचा घ्यावा की बनवून घ्यावा, आणि काम कोणाकडे द्यावे?

कळमना:

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांचा माल शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या दुकानांपर्यंत पोहोचवण्याचा माझा व्यवसाय असून, त्यासाठी माझ्याकडे काही इलेक्ट्रिक व्हॅन आहेत. त्यांतल्या एका गाडीच्या केबिनचा एसी उन्हाळा सुरू होताच थंडावा देईनासा झाला. ओळखीच्या एसीवाल्याने गॅस भरून दिला, पण तो फार दिवस टिकला नाही. मग दुसऱ्या तंत्रज्ञाला गाडी दाखवली, तेव्हा त्याने कूलिंग कॉइलकडून कंप्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपवर बोट ठेवले. रबर जिथे ॲल्युमिनियमच्या टोपणात दाबून बसवलेले असते, नेमके त्या कडेला तेलकट धुळीचे काळे कडे जमले होते आणि बाकीचा पाइप मात्र कोरडा होता.

कंपनीच्या सेवा केंद्रात पूर्ण पाइप जोडणीसह मागवावा लागेल आणि त्याला वेळ लागेल, असे सांगण्यात आले. एका स्थानिक दुकानदाराचे म्हणणे आहे की जुन्या पाइपची दोन्ही टोके ठेवून मधले रबर नवे घालता येते आणि ते काम एका दिवसात होते. तिसऱ्या एकाने गळती बुजवणारे रसायन घालायचे सुचवले आहे. आणखी एक गोष्ट अशी की दुपारच्या वेळी जलद चार्जरवर ही गाडी इतर गाड्यांपेक्षा सावकाश चार्ज होते. याचा पाइपशी काही संबंध असू शकतो का? नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाला एसीविना बाहेर पाठवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून घाई आहे. तरीही चुकीचे काम करून घ्यायचे नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सातपुडा:

कळमना, तुमचा प्रश्न पाइपचा असला तरी उत्तराचा मोठा भाग तेलाविषयी आहे, म्हणून आधी तेच सांगतो. पेट्रोल किंवा डिझेल गाडीचा कंप्रेसर पट्ट्यावर फिरतो आणि त्यात बहुधा पीएजी प्रकारचे तेल असते. इलेक्ट्रिक गाडीच्या कंप्रेसरमध्ये मोटर आतच बसवलेली असते, तिच्या तारांची गुंडाळी गॅस आणि तेल यांच्यातच बुडालेली असते आणि त्या तारांतून बॅटरीच्या उच्च दाबाची वीज वाहते. त्यामुळे तिथले तेल विजेला अडवणारे असावे लागते आणि ते बहुतेक गाड्यांत पीओई प्रकारचे असते. नेहमीचे पीएजी त्यात मिसळले तर विद्युतरोध घसरतो, गाडीची नियंत्रण यंत्रणा विजेची गळती झाल्याचे समजून धोक्याची सूचना देते आणि कित्येकदा गाडी सुरूच होऊ देत नाही. मग पाइपचा खर्च बाजूला राहतो आणि कंप्रेसर बदलण्याची वेळ येते. कंप्रेसरवर आणि बॉनेटच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचा प्रकार, त्याचे वजन आणि तेलाचे नाव छापलेले असते. तिथे जे लिहिले असेल तेच वापरावे. काही कंपन्या वेगळे तेलही वापरतात, त्यामुळे माझ्या शब्दापेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवा.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते गॅस भरण्याच्या मशीनकडे. दिवसभर पेट्रोल गाड्यांची कामे करणाऱ्या मशीनच्या नळ्यांमध्ये पीएजी तेल साचलेले असते आणि तेच तुमच्या गाडीत उतरते. विजेच्या कंप्रेसरसाठी चालणाऱ्या मशीनकडून एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२७८८ मानकाची अपेक्षा अशी आहे की तिच्यातून जाणारे परके तेल भरलेल्या गॅसच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी असावे. गाडीत ५०० ग्रॅम गॅस बसत असेल तर ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमची झाली, म्हणजे काही थेंब. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की इलेक्ट्रिक गाडीसाठी त्याच्याकडे वेगळे मशीन किंवा निदान वेगळ्या नळ्या आहेत का, आणि मशीन आतून धुण्याची सोय त्याला वापरता येते का. या प्रश्नाला जो हसून उडवून लावील, त्याच्याकडे गाडी देऊ नका, मग त्याचा पाइप कितीही चांगला असो.

गळती बुजवणारे रसायन इलेक्ट्रिक गाडीत अजिबात घालू नये. हवेचा किंवा ओलाव्याचा संपर्क आला की ते घट्ट होते, त्यामुळे कूलिंग कॉइलमध्ये जाणारा गॅस नियंत्रित करणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबू शकतो, आणि पुढे ज्याच्या मशीनमध्ये तो गॅस ओढला जाईल त्याचेही नुकसान होते. गळती शोधण्यासाठी घालतात त्या रंगाचेही तसेच आहे. तो पीओई तेलात बनवलेला आणि तुमच्या कंप्रेसरला मान्य असलेला असेल, तरच चालेल.

गोदाकाठ:

नाशिकजवळ माझ्या देखरेखीखाली अशाच गाड्यांचा ताफा आहे. सावकाश चार्जिंगबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर देतो. ज्या गाड्यांच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय असते, त्यांत चिलर नावाचा एक छोटा भाग असतो. तिथे एसीचा गॅस बॅटरीच्या कूलंटमधली उष्णता ओढून घेतो. म्हणजे केबिन आणि बॅटरी ही दोन्ही गिऱ्हाइके एकाच कंप्रेसरवर आहेत. गॅस कमी झाला की जलद चार्जिंगच्या वेळी बॅटरी तापते आणि यंत्रणा आपणहून वीज कमी घेऊ लागते. तुमच्या गाडीत बॅटरीसाठी कूलंटची टाकी आणि चिलर असेल, तर संबंध नक्की असू शकतो. बॅटरी नुसती हवेवर थंड होत असेल, तर चार्जिंगचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. दुरुस्ती होईपर्यंत शक्यतो रात्री साध्या चार्जरवर गाडी लावा आणि भर दुपारचा जलद चार्जर टाळा.

दुसरे म्हणजे वॉरंटीची कागदपत्रे आधी वाचा. बॅटरीची वॉरंटी चालू असताना तिला थंड करणाऱ्या यंत्रणेला बाहेरच्या माणसाने हात लावला, तर पुढे वाद होऊ शकतो. सेवा केंद्राकडून पाइप मिळायला लागणारा वेळ आणि बाहेर काम केल्यास वॉरंटीवर होणारा परिणाम, या दोन्ही गोष्टी ईमेलवर लेखी मागा. तोंडी सांगितलेले नंतर कोणी मान्य करत नाही.

चिखलदरा:

पाइप बनवून घेण्याला सरसकट विरोध करू नये असे मला वाटते. ट्रॅक्टर, बस आणि जुन्या मोटारी यांचे एसी पाइप आमच्याकडे वर्षानुवर्षे बनवून बसवले जातात आणि ते टिकतात. कंपनीच्या पाइपचे टोक अवघड वळणाचे असेल तर जुने टोक वापरणे हाच व्यवहार्य मार्ग असतो. गाडी महिनाभर उभी ठेवणे लहान व्यावसायिकाला परवडत नाही, याचाही विचार सल्ला देणाऱ्यांनी करावा.

सातपुडा:

चिखलदरा, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि बनवलेला पाइप वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. मात्र त्याच्या अटी स्पष्ट असाव्यात. पाइप आतून नायलॉनचा थर असलेला, म्हणजे बाजारात ज्याला बॅरियर पाइप म्हणतात तोच असावा. साधे रबर किंवा हायड्रॉलिकचा पाइप दिसायला जाड असला तरी त्यातून गॅस झिरपत राहतो. टोपण दाबण्याचा साचा त्याच पाइपच्या मापाचा असावा, कारण बाहेरून बारीक पाइपसाठीचे टोपण जाड पाइपवर किंवा उलट बसवले की वरून घट्ट दिसते आणि आतून सुटते. गाडीच्या कंप्रेसरकडे जाणाऱ्या पाइपवर पट्टी आवळून काम भागवू देऊ नका. आणि कळमना यांच्या गाडीत गळती टोपणापाशीच आहे, त्यामुळे जुने टोक पुन्हा वापरायचे असेल तर रबर बसते तिथली नळी बारकाईने पाहावी. तिच्यावर पांढरट गंज किंवा ओरखडे असतील तर नवे रबरही तिथे धरणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर कंपनीचा पाइप मागवून ठेवला असता आणि तो येण्यास फार उशीर होत असेल तरच बनवलेला बसवला असता.

बनवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुना पाइप काढण्यापूर्वी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढून घ्यावी. दोन टोकांचा एकमेकांशी असलेला कोन त्यामुळे कायम ठेवता येतो. कोन चुकला तर पाइप पिळला जातो, नट आवळताना कळत नाही आणि नंतर तो कुठल्या तरी पत्र्याला घासत राहतो. आताचा पाइप खराब का झाला याचाही शोध घ्या. एखादी क्लिप आधीच्या दुरुस्तीत गळाली आहे का, रबरावर कुठे गुळगुळीत चकाकी आली आहे का, हे पाहिल्याशिवाय नवा पाइप बसवू नये.

वैनगंगा:

पाइप बदलण्याआधी गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन तपासली का? अनेकदा गळती तिथे असते, तिथले तेल खाली ओघळते आणि लोक पाइपला दोष देतात. टोपी काढून साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला तरी समजते.

कळमना:

सर्वांचे आभार. वैनगंगा, ते पाहिले, तिथे बुडबुडा आला नाही. बॅटरीला कूलंटची टाकी आहे, त्यामुळे गोदाकाठ यांनी सांगितलेले लागू पडते. सेवा केंद्राला ईमेल केला आहे. तंत्रज्ञ म्हणतो की एसी चालू ठेवून गळती मोजली तर यंत्र काही दाखवत नाही आणि गाडी उन्हात उभी केली की दाखवते. हे कसे शक्य आहे? आणि दुसऱ्या दुकानात काम करायचे झाले तर मी स्वतः उभा राहून काय काय पाहावे?

सातपुडा:

तुमच्या तंत्रज्ञाने बरोबर पाहिले आहे आणि तो जाणकार दिसतो. हा पाइप कमी दाबाच्या बाजूचा आहे. कंप्रेसर चालू असताना त्यात साधारण २ ते ३ बार एवढाच दाब असतो. बंद केल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. गाड्यांच्या एसीत नेहमी असणाऱ्या आर १३४ए गॅसचा ४५ अंश सेल्सिअसला हा दाब जवळजवळ १०.६ बार, म्हणजे १५० पीएसआयच्या थोडा वर जातो. म्हणजे नागपूरच्या उन्हात गाडी उभी असतानाच या पाइपवर सर्वांत जास्त ताण येतो आणि गॅस तेव्हाच जातो. तपासणीही एसी बंद करून, गाडी तापलेली असताना करावी आणि यंत्राची नळी जोडाच्या खालच्या अंगाने फिरवावी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो.

आता काय पाहावे ते सांगतो. आधी उच्च दाबाच्या विजेची जोडणी तोडलेली असली पाहिजे. वाहनांच्या मानकांत ६० व्होल्ट डीसीच्या पुढची वीज धोकादायक धरतात आणि ती वाहणाऱ्या तारा नारिंगी असतात. ही वीज तोडण्यासाठी असलेला सर्व्हिस प्लग काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, वीज शून्य झाल्याचे मीटरने तपासल्याखेरीज कंप्रेसरजवळ हात घालू देऊ नका. काम करणाऱ्याच्या हातात विजेचे रबरी हातमोजे असले पाहिजेत.

जुना गॅस मशीनमध्ये ओढून घ्यावा, हवेत सोडू नये. आर १३४ए कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापमानवाढ करतो आणि भारताने २०२१ साली मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मंजुरी देऊन असे वायू कमी करण्याचे बंधन स्वीकारले आहे. चिलर असलेल्या काही गाड्यांत आतले व्हॉल्व्ह गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने उघडावे लागतात, नाहीतर अर्धी यंत्रणा रिकामी होते आणि अर्धी भरलेलीच राहते. स्कॅनर आहे का, हेही विचारून ठेवा. पाइप निघाला की दोन्ही उघडी तोंडे लगेच टोपण लावून बंद करावीत, कारण पीओई तेल हवेतला ओलावा भराभर शोषून घेते. त्याच कारणाने तेलाचा डबा तुमच्यासमोर फोडलेला असावा. जोडांमधल्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगा, नव्या, एसीच्याच मापाच्या असाव्यात आणि त्यांना तेच पीओई तेल लावावे. ग्रीस चालत नाही. यंत्रणा बराच वेळ उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलावा.

नंतर कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआयपर्यंत दाब देऊन साबणाने जोड तपासावेत आणि काटा हलत नाही ना ते पाहावे. मग निदान पाऊण तास व्हॅक्यूम मारावा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढावी, पंप बंद करून काही वेळ काटा पाहावा आणि गॅस दाबाच्या अंदाजाने न भरता वजन करूनच भरावा. व्हॅक्यूम असताना कंप्रेसरला वीज देऊ नये, आत ठिणगी पडून मोटर जळू शकते. ही गोष्ट पेट्रोल गाड्यांवर शिकलेल्या मंडळींना बहुधा ठाऊक नसते. पाइपबरोबर गेलेल्या तेलाची भरपाई किती करायची ते कंपनीच्या पुस्तिकेत असते, तेवढेच घालावे.

गोदाकाठ:

यात एवढेच जोडतो की दुरुस्तीपर्यंत त्या गाडीचा एसी चालवू नये. विजेच्या कंप्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड गॅसनेच थंड होते. गॅस कमी असताना तो चालवत राहणे म्हणजे पाइपच्या दुखण्यात कंप्रेसरलाही ओढणे होय. शक्य असेल तर त्या चालकाला दुपारच्या फेऱ्यांसाठी दुसरी गाडी द्या आणि ही गाडी सकाळी व संध्याकाळी चालवा.

कळमना:

सेवा केंद्राने लेखी कळवले आहे की बाहेर काम केल्यास बॅटरीच्या वॉरंटीचा दावा तपासला जाईल, त्यामुळे कंपनीचाच पाइप मागवला आहे. तोवर ही गाडी दुपारी उभी राहील आणि रात्री साध्या चार्जरवर लागेल. कामाच्या दिवशी मी हजर राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. तेलाचा प्रकार, व्हॅक्यूमची वेळ आणि भरलेल्या गॅसचे वजन बिलावर लिहून द्यावे, हेही त्यांनी मान्य केले आहे.

सातपुडा:

उत्तम. बिलावर पाइपचा भाग क्रमांकही लिहून घ्या. काम झाल्यावर एका तापलेल्या दुपारी एसी बंद असताना त्या टोपणाभोवती पांढरे कापड फिरवून पाहा. त्यावर तेलाचा डाग उमटला तर लगेच गाडी परत दाखवा, थंडावा कमी होण्याची वाट पाहू नका.