मुलगी जेवण टाळतेय, काय करू?
माझी मुलगी १४ वर्षांची, महिनाभर सकाळचं खातच नाही, रात्रीही दोन घास, विचारलं की "जाडी झालेय" म्हणते आणि सारखी रील्स बघत बसते. रागवू का?

उत्तर: रागवू नका हो, प्लीज. वयात येताना वजन वाढणं नॉर्मल असतं हे तिला कुणी सांगितलंय का? घरात कुणी वजनावरून चिडवतं का तेही बघा, मला मामा चिडवायचा, मी वर्षभर उपाशी राहायचे.

उत्तर: पाळी चुकतेय का, चक्कर येते का, उलट्या काढते का? असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्ही स्वतः डाएटवर असाल तर तिच्यासमोर कॅलरी मोजू नका, एकत्र जेवा.

प्रश्नकर्ती: पाळी दोनदा चुकलीय... उद्याच नेते.